घरावर मॉर्गेज लोन आहे आणि घर विकायचंय? मग व्हॅल्युएशन आधी, सौदा नंतर

आपल्याकडे घर विकायला काढलं की पहिला प्रश्न असतो "किती सांगू?" आणि घरावर लोन असेल तर त्याला चिकटूनच दुसरा, "लोन फेडून हातात किती उरतील?" या दोन्हींचं उत्तर लोक शेजाऱ्याला विचारतात, दलालाला विचारतात, पानटपरीवर विचारतात, आणि जो सगळ्यात मोठा आकडा सांगेल तो डोक्यात पक्का करून बसतात. मग गिऱ्हाईक येतं, सौदा पावती होते, बयाणा घेतला जातो, आणि गिऱ्हाइकाची बँक माणूस पाठवते तो घर मोजून पाच-सहा लाख कमीचा रिपोर्ट देतो. झालं, सौदा तिथंच अडकला. माझं काम लोनच्या फाईली करायचं, जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे असं फिरणं चालू असतं, आणि सौदे फिसकटताना पाहिलेत त्यातले बरेचसे व्हॅल्युएशन उशिरा कळल्यामुळे फिसकटलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोंधळ काढून टाकू. नेटवर इक्विटी लोन असलेलं घर विकताना व्हॅल्युएशन वगैरे शोधलं की निम्मी माहिती इंग्लंडची येते. तिथं हेल्प टू बाय नावाची सरकारी स्कीम होती, नव्या घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत आणि लंडनमध्ये ४० टक्क्यांपर्यंत पैसे सरकार द्यायचं, आणि परत देताना ठरलेली रक्कम द्यायची नसते, आजच्या किमतीचा तेवढा टक्का द्यायचा असतो, म्हणजे घर महाग झालं की सरकारचा वाटाही वाढला. म्हणून तिथं आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट लागतोच आणि तो तीन महिनेच चालतो. स्कीम २०२३ मध्ये बंद झाली पण जुने लोक अजून फेडतायत. तिकडे सेटल झालेला कोणी भाचा-पुतण्या असेल तर हे नियम त्याचे. आपल्याकडे बँकेचा घरात वाटा नसतो, तिला फक्त तिची बाकी हवी असते. घर ४० लाखाला जावो का ६० लाखाला, बाकी १७ लाख असेल तर १७ लाख आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज, बस.

मग व्हॅल्युएशन करायचं कोणासाठी? मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेसाठी. कारण आज रोख पैसे मोजून घर घेणारा क्वचित सापडतो, बहुतेक जण लोन काढूनच घेतात, आणि त्याची बँक तुमच्या घराची किंमत जेवढी धरेल त्यावर सगळं ठरतं. तुम्ही स्वतःच्या खिशातून जे व्हॅल्युएशन करून घेणार ते त्याच परीक्षेची आधी केलेली तयारी समजा. दुसरं कारण टॅक्स, त्याच्यावर पुढे बोलू.

एका घराचे चार भाव

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भांडणं मिटतात. पहिला बाजारभाव, म्हणजे घ्यायला आणि विकायला दोघंही घाईत नसताना ठरेल तो भाव. दुसरा सरकारी भाव, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, खरं नाव वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडून निघतात, बदल झाला तर १ एप्रिलपासून लागू. तिसरा बँकेचा भाव, आणि हा एकच आकडा नसतो, रिपोर्टमध्ये खाली तीन ओळी असतात, फेअर मार्केट व्हॅल्यू, त्याखाली रियलायझेबल व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्ष विकून हातात येईल असं बँक धरते ती रक्कम, आणि सगळ्यात खाली डिस्ट्रेस व्हॅल्यू, म्हणजे बँकेला उद्या जप्त करून घाईत विकावं लागलं तर काय येईल. बरेच जण तो खालचा आकडा पाहून हादरतात की माझ्या घराची किंमत एवढीच? तो आकडा तुमच्यासाठी नाही, बँकेच्या स्वतःच्या समाधानासाठी असतो, विक्रीसाठी वरची ओळ वाचा. आणि चौथा भाव म्हणजे हातात येणारे पैसे, जो कोणत्याच रिपोर्टमध्ये नसतो, तो तुम्हालाच काढावा लागतो.

तुम्ही लोन घेतलं तेव्हा बँकेनं जो रिपोर्ट केला होता तो आता कामाचा नाही. मध्ये रस्ता झाला असेल, शेजारी अपार्टमेंट उभं राहिलं असेल, किंवा उलट, घर जुनं झालं असेल. शिवाय तो रिपोर्ट लोन देण्यासाठी केलेला, तो हात राखूनच केलेला असतो.

व्हॅल्युअर कोणता धरायचा

आपल्याकडे दोन प्रकारची नोंद चालते. एक आयकरवाली, जुन्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खालची, त्यालाच लोक गव्हर्नमेंट अप्रूव्हड व्हॅल्युअर म्हणतात. दुसरी आयबीबीआय या केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाकडची, कंपनी कायद्याच्या कलम २४७ खालची. या दोन्हींपेक्षा तुमच्या कामाचा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे "साहेब, तुम्ही कोणकोणत्या बँकांच्या पॅनेलवर आहात?" तुमच्या भागात गिऱ्हाईक ज्या दोन-तीन बँकांकडून लोन काढतं त्यातल्या एखाद्या तरी पॅनेलवर असलेला माणूस धरा. त्याचा रिपोर्ट गिऱ्हाइकाची बँक तसाच मान्य करेल असं नाही, ती स्वतःचा माणूस पाठवतेच आणि रक्कम मोठी असेल तर दोन माणसं पाठवते, पण पॅनेलवाल्याला बँका काय धरतात आणि काय कापतात हे तोंडपाठ असतं, तुम्हाला तेच विकत घ्यायचंय.

रिपोर्टवर कारण लिहिलेलं असतं, लोनसाठी, कोर्टासाठी, व्हिसासाठी, कॅपिटल गेनसाठी. तुम्ही स्पष्ट सांगा की विक्रीसाठी आजचा बाजारभाव पाहिजे, वाढवू नका आणि कमीही धरू नका. फी आधीच लेखी ठरवा. आणि कोणी म्हणाला की भाव वाढवून देतो, वाढलेल्यावर टक्का द्या, तर तिथूनच नमस्कार करा. आयबीबीआयच्या आचारसंहितेत सक्सेस फी घ्यायला मनाई आहे, आणि असा फुगवलेला रिपोर्ट पुढच्या बँकेत टिकतही नाही. दलालाचा भाव ऐका जरूर, गल्लीत काय चाललंय ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं, पण त्याला लिस्टिंग हवी असते म्हणून आधी तुम्हाला खूश करणारा आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक आलं की तुम्हालाच खाली यायला लावतो, हेही धरून चाला.

कागद

ओरिजिनल बँकेत अडकलेले असतात, म्हणून लोक म्हणतात आमच्याकडे काहीच नाही. अहो झेरॉक्स असते ना. आणि नसेल तर बँकेकडून एलओडी मागा, म्हणजे तुमचे कोणते कागद त्यांच्याकडे जमा आहेत त्याची यादी. ही यादी तशीही गिऱ्हाइकाची बँक मागणारच. व्हॅल्युअरला खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एन.ए. (बिनशेती) ऑर्डर आणि मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला असेल तर तो, घरपट्टीची चालू पावती आणि लाइट बिल एवढं द्या. फ्लॅट असेल तर सोसायटीचे कागद किंवा अपार्टमेंटचं डीड ऑफ डिक्लरेशन.

गावठाणातलं घर असेल तर वेगळी गंमत. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडच्या गावात कितीतरी घरांना ग्रामपंचायतीचा नमुना ८ सोडला तर दुसरा कागदच नसायचा. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाण मोजले आणि मिळकत पत्रिका मिळायला लागल्या. तुमच्या गावाचं मोजमाप झालं असेल तर ती पत्रिका काढून घ्या, तिच्यात क्षेत्र पक्कं लिहिलेलं असतं, आणि बँकेच्या व्हॅल्युअरला नमुना ८ पेक्षा तिच्यावर जास्त भरवसा असतो.

व्हॅल्युअर घरी येतो तेव्हा

इथं जरा थांबून सांगतो कारण खरा खेळ इथंच आहे. धुळ्याला देवपूरमध्ये माझ्या मामेभावाचं घर, तळमजला आणि वर एक मजला, खाली स्वतः राहतो आणि वर भाडेकरू. धंद्यासाठी घरावर लोन घेतलेलं, ते फेडून नाशिकला पोराजवळ जायचं म्हणून घर काढलं. मे महिन्यात दुपारी बाराला व्हॅल्युअर आला, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात टेप. वहिनींनी पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं, भाऊ त्याला आधी किचन ट्रॉली दाखवतोय, हॉलचं पीओपी दाखवतोय. माणूस हो हो म्हणत बाहेर गेला आणि कंपाउंडच्या एका कोपऱ्यात टेप लावून भावाला म्हणाला धरा जरा. नकाशात प्लॉट ३० बाय ४०. टेप ३८ वर थांबली. मागच्या माणसानं भिंत बांधताना दोन फूट आत घेतलेली आणि इतक्या वर्षांत कोणी मोजलंच नव्हतं. मग वरचा मजला पाहिला आणि मंजूर नकाशा उघडला, त्यात फक्त तळमजला. भाऊ म्हणतो, "अहो साहेब, वरच्या मजल्याचं दर महिन्याला भाडं येतं मला!" साहेब लिहिता लिहिता म्हणाला, "येऊ द्या ना, पण परवानगी कुठंय?" रिपोर्टमध्ये वरच्या मजल्यासमोर ओळ आली, मंजुरी नाही, मूल्य धरलेले नाही.

हे त्याच्या एकट्याच्या घराचं नाही. आपल्याकडे खालचा मजला परवानगीनं आणि वरचा पैसे आले तसा, हे घरोघरी आहे. मार्जिनच्या, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत टाकलेलं पत्र्याचं शेड, गच्चीवर काढलेली खोली, रस्त्याच्या बाजूला काढलेलं दुकानाचं शटर, यातलं काहीही बँक धरत नाही, उलट जास्त असेल तर बँक फाईलच नाकारते. म्हणून व्हॅल्युएशन बयाणा घेण्याआधी करा असं म्हणतोय. वरचा मजला नियमित होऊ शकतो का ते महापालिकेत किंवा नगरपरिषदेत आर्किटेक्टमार्फत विचारून घ्या, होत असेल तर फी भरून करून घ्या, त्यात वेळ जातो. होत नसेल तर भाव सांगताना तो मजला सोडून हिशोब धरा. मामेभावानं जागेची मोजणी भूमी अभिलेखकडे टाकली आणि मागच्या माणसाशी बोलून लेखी मिटवलं, मगच पाटी लावली.

व्हॅल्युअर बघतो काय? प्लॉटचं माप आणि चतुःसीमा, समोरचा रस्ता किती रुंद, कॉर्नर आहे का, नाल्याजवळ आहे का, बांधकाम आरसीसी का लोड बेअरिंग (भिंतींवरच भार असलेलं), वय किती, स्लॅबला ओल आहे का, सळई दिसते का. बोअर आहे का आणि उन्हाळ्यात चालतो का हेही विचारतो, आणि आपल्याकडे ते विचारायलाच पाहिजे, नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावरून कॉलनीचा भाव ठरतो. घरासमोर मालकाला उभं करून फोटो काढतो, मोबाईलवर लोकेशन घेतो, शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारतो. पीओपी, फॉल सीलिंग, महागडी टाईल याला त्याच्या लेखी फार कमी किंमत. त्यापेक्षा गच्चीची गळती बंद करा, तीच पहिली दिसते.

आकडा निघतो कसा

फ्लॅट असेल तर सोपं, आजूबाजूच्या फ्लॅटचा चौरस फुटाचा दर गुणिले क्षेत्र, त्यात मजला, लिफ्ट, पार्किंग, वय यांची कमी-जास्त. स्वतंत्र घर असेल तर जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं. समजायला एक हिशोब घेऊ, दर मी मनाने धरलेत. प्लॉट १२०० चौरस फूट, जमिनीचा दर २,५०० रुपये, झाले ३० लाख. बांधकाम १००० चौरस फूट, आज तसंच नवीन बांधायला १,८०० रुपये फूट, झाले १८ लाख. पण घर २० वर्षं जुनं. आरसीसी घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात आणि शेवटी १० टक्के भंगार किंमत उरते असं मानतात, म्हणजे उरलेले ९० टक्के ६० वर्षांत वाटले तर दरवर्षी दीड टक्का घट. २० वर्षांचे ३० टक्के गेले, १८ लाखाचे राहिले १२ लाख ६० हजार. एकूण ४२ लाख ६० हजार.

यात लक्षात घ्या, जमीन घटत नाही, बांधकाम घटतं. म्हणून जुन्या घरात पैसे घालून भाव वाढवायला जाऊ नका. आणि जुनं धाब्याचं घर असेल, मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, तर बांधकामाची किंमत बँकेच्या हिशोबात जवळपास शून्य. सागवानी खांब-पाटाई असेल तर ते लाकूड घ्यायला माणसं येतात, त्याचा भाव घराच्या भावात मिसळू नका, वेगळा ठरवा. घराचं गिऱ्हाईक तिथं फक्त जागेचे पैसे मोजणार.

जमिनीचा दर पक्का करायला व्हॅल्युअरवर सोडून देऊ नका, स्वतःही बघा. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, फुकट आहे, जिल्हा, गाव, सर्व्हे किंवा गट नंबर टाकला की झालेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. त्यात मोबदला आणि बाजारभाव अशा दोन ओळी असतात, मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम आणि बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनं काढलेली. तुमच्या लेआउटमधले अलीकडचे दस्त काढा. रेडी रेकनर चौरस मीटरवर असतो आणि आपण बोलतो फुटात, तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट हे लक्षात ठेवा, नाहीतर हिशोब भलतीकडे जातो.

गिऱ्हाइकाच्या बँकेचा रिपोर्ट कमी आला तर

वरच्याच घराचा सौदा समजा ४८ लाखाला झाला. ३० ते ७५ लाखाच्या होम लोनला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि किंमत म्हणजे सौदा आणि व्हॅल्युएशन यातली जी कमी ती धरतात. गिऱ्हाईक मनात धरून बसलंय ३८ लाख ४० हजार मिळतील आणि घरचे ९ लाख ६० हजार टाकू. बँकेनं ४२ लाख ६० हजार धरले, लोन झालं ३४ लाख ८ हजार. आता त्याला घरचे १३ लाख ९२ हजार आणायचेत, सव्वाचार लाखाच्या वर खड्डा, त्यात स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं. तो माणूस वाईट नसतो, त्याच्याकडे खरंच नसतात.

अशा वेळी आधी रिपोर्टची कॉपी मागा, गिऱ्हाइकाकडून मागा कारण फी त्यानं भरलेली असते. माप चुकलंय का, वय जास्त धरलंय का, बोअर-कंपाउंड राहिलंय का ते बघा. खरी चूक असेल तर कागदासकट बँकेला लिहून द्या, दुरुस्त होते. नुसतं "आमच्या कॉलनीत याच्यापेक्षा जास्त चाललंय" म्हणून काही होत नाही, शेजारच्या दस्ताचा इंडेक्स टू जोडला तर होतं. गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेतही जाऊ शकतं, तिथला माणूस वेगळा आकडा देऊ शकतो. हे सगळं करून आकडा तोच राहिला तर भाव थोडा खाली घ्या किंवा दुसरं गिऱ्हाईक बघा.

एक सल्ला हटकून मिळेल, दस्तात कमी दाखवा बाकीचे रोख घ्या. नका करू. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. आणि दस्त कमीचा झाला की गिऱ्हाइकाचं लोन आणखी कमी होतं, म्हणजे मूळ अडचण वाढते.

सरकारी भाव आणि टॅक्स

स्टॅम्प ड्युटी सौद्याच्या रकमेवर किंवा रेडी रेकनरवर, जे जास्त त्यावर लागते. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. हे गिऱ्हाइकाचं. तुमचं दुखणं वेगळं आहे. रेडी रेकनर सौद्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला तर आयकर खातं रेडी रेकनरचीच रक्कम तुम्हाला मिळाली असं धरतं. ३० लाखाला विकलं आणि सरकारी भाव ३६ लाख, तर टॅक्सचा हिशोब ३६ वर, आणि वरच्या ६ लाखाचा त्रास गिऱ्हाइकालाही होतो, ते त्याचं उत्पन्न धरलं जातं. जुन्या कायद्यात हे कलम ५०सी होतं, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर नंबर बदललेत. आपल्याकडे हायवेलगतचे सर्व्हे नंबर एकाच मूल्य विभागात येतात आणि आत गल्लीतल्या घरालाही चढा सरकारी भाव लागतो, असं होतं. तेव्हा सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट हाताशी असला की खात्याच्या व्हॅल्युएशन ऑफिसरकडे प्रकरण पाठवा अशी मागणी करता येते.

वडिलोपार्जित किंवा २००१ च्या आधीचं घर असेल तर आणखी एक रिपोर्ट करून घ्या, १ एप्रिल २००१ ची किंमत काय होती त्याचा. खरेदी किंमत म्हणून ती धरता येते, फक्त त्या दिवशीच्या सरकारी भावापेक्षा जास्त नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, जे कमी पडेल ते, हे तुमचा सीए करून देईल.

आता एक गैरसमज, जो जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये भेटतो. लोक म्हणतात ४५ ला विकलं, १७ बँकेला गेले, म्हणजे मला २८ च मिळाले, टॅक्स २८ वर. नाही हो. तारण ठेवून घेतलेलं लोन फेडलं ते तुमचं देणं होतं, घराची खरेदी किंमत नव्हती. नफा ४५ मधून खरेदी किंमत वजा करूनच मोजतात. म्हणून हातात येणाऱ्या पैशाचा हिशोब करताना लोनची बाकी, दलाली आणि टॅक्स असं तिन्ही काढून बघा, आणि दुसरं घर घेणार असाल तर घर विकण्याच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत बांधलं, तर सूट मिळते, तीही धरा. सौदा ५० लाख किंवा वर असेल तर गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापून देणार, ते पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये दिसतात.

तुमच्या बँकेचं

व्हॅल्युएशन आलं, भाव ठरला, आता बँकेत जाऊन आउटस्टँडिंग लेटर घ्या, त्यात अमुक तारखेपर्यंतची बाकी आणि पुढे रोजचं व्याज लिहिलेलं असतं. प्रीपेमेंट चार्ज लागतो का ते त्याच लेटरवर लिहून घ्या. घरगुती कारणासाठी स्वतःच्या नावावर फ्लोटिंग रेटचं लोन असेल तर बँक चार्ज लावू शकत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या जुन्या मॉर्गेज लोनला लागू शकतो, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू झालेल्या फ्लोटिंग रेटच्या लोनला रिझर्व्ह बँकेनं व्यक्ती आणि लहान धंद्यांसाठी बहुतेक बँकांत तोही काढलाय.

दुकानदार आणि जिनिंग-मिलवाल्यांची गोष्ट जरा वेगळी, त्यांचं घर सीसी लिमिटला, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जाला, तारण असतं. लिमिट चालू ठेवायचीय आणि घर सोडवायचंय तर बदली मालमत्ता द्यावी लागते आणि तिचं व्हॅल्युएशन बँक स्वतः करून घेते, म्हणजे इथं दोन घरांचे रिपोर्ट लागतात आणि दोन्हींचा वेळ धरावा लागतो. पतसंस्थेचं कर्ज असेल तर बघा गहाणखत रजिस्टर झालंय का, झालं असेल तर ते सोडवण्याचाही दस्त करावा लागतो आणि उताऱ्यावर बोजा चढलेला असेल तर संस्थेचं पत्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा सिटी सर्व्हेला अर्ज देऊन तो कमी करावा लागतो.

गिऱ्हाइकाची बँक बहुतेक वेळा तुमच्या लोन खात्याच्या नावानं डीडी काढते आणि उरलेले तुम्हाला. त्यामुळे खरेदीच्या दिवशी दोन्ही बँकांची माणसं, डीडी आणि चलन यांची तारीख आधी जुळवा. आखाजीच्या मुहूर्तावर खरेदी करू असं सगळेच म्हणतात, पण अक्षय्य तृतीयेला सरकारी सुट्टी आहे की नाही ते त्या वर्षी बघून घ्या, आणि बँकेकडून कागद त्याच दिवशी निघतील का ते विचारा, कागद बऱ्याचदा दुसऱ्या शहरातल्या स्टोअरमध्ये असतात. लोन पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत ओरिजिनल कागद परत द्यायचे आणि बोजा काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर रोज ५ हजार रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, आणि एनबीएफसीलाही, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांनाही, लागू आहे. एनओसीसोबत सरसाई या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीवरची नोंद काढल्याचा पुरावा मागून घ्या, आणि व्हॅल्युएशनचे सगळे रिपोर्ट रिटर्नच्या फाईलमध्ये लावून ठेवा, आयकरची नोटीस आली तर हेच कागद मागतात.